कॅनडात पेन्शनीला आलेली आपली माणसं दिवसभर काय करतात, आणि नव्या विद्यार्थ्यांवर त्यांचा एवढा राग का?

नमस्कार ताई. तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. कॅनडात साठी ओलांडलेली आपली माणसं दिवसभर करतात काय, ही एक. आणि तुमच्या भावासारख्या नव्याने आलेल्या मुलांशी हीच माणसं इतकं तोडून का बोलतात, ही दुसरी. ओंटारियोतल्या एका गणपतीच्या कार्यक्रमात त्याला आपल्याच एका काकांनी "तुम्हा पोरांमुळे आमचं नाव खराब झालं" असं ऐकवलं, हे वाचून फार वाईट वाटलं. मी त्या काकांच्याच वयाचा आहे आणि त्याच प्रांतात राहतो. त्यांचा राग चुकीच्या माणसावर निघाला असं माझं ठाम मत आहे, आणि ते का, हे आमचा दिवस कशावर चालतो ते सांगितलं की कळेल.

मी मूळचा कोल्हापूरचा. शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत नोकरी करत होतो, १९९५ साली इथे हॅमिल्टनला आलो. हॅमिल्टन हे कॅनडाचं पोलादाचं गाव. ओंटारियो सरोवराच्या काठाने स्टेल्को आणि डोफास्कोचे कारखाने, मागे नायगारापर्यंत जाणारा उंच कडा. त्या कड्याला इथले लोक सरळ 'माउंटन' म्हणतात आणि निम्मं गाव त्याच्यावर वसलंय. मी एका छोट्या मशीन शॉपमध्ये क्वालिटी बघतो. रोलिंग मिलला लागणारे सुटे भाग आम्ही बनवतो. ६५ पूर्ण झाली तेव्हा पूर्ण वेळ सोडलं, आता आठवड्यातले दोन-तीन दिवस जातो. गेज तपासायचे, बनलेला भाग मापात आहे का बघायचा, नव्या पोरांना मायक्रोमीटर हलक्या हाताने कसा धरायचा ते शिकवायचं. बाकीचे दिवस वाणसामान, ग्रंथालय, डॉक्टर आणि हिवाळ्यात बर्फ. बर्फ थांबला की २४ तासांत घरासमोरचा फुटपाथ साफ करायचा असा इथल्या महापालिकेचा नियम आहे, त्यामुळे जानेवारीत व्यायाम वेगळा करावा लागत नाही. मार्च-एप्रिलमध्ये कमी उत्पन्नाच्या लोकांचे टॅक्स रिटर्न फुकट भरून देणाऱ्या केंद्रात स्वयंसेवक म्हणून बसतो. त्याबद्दल शेवटी लिहितो, तुमच्या भावाच्या कामाचं आहे.

आता पैसा. आम्हा लोकांचं घर मुख्यतः दोन सरकारी पेन्शनींवर आणि थोड्या बचतीवर चालतं. पहिली कॅनडा पेन्शन प्लॅन, सीपीपी. ती आपल्या पगारातून कापलेल्या आणि तितक्याच मालकाने घातलेल्या पैशांतून मिळते. ६० व्या वर्षी सुरू केली तर ३६ टक्के कमी, ७० पर्यंत थांबलात तर ४२ टक्के जास्त. दुसरी ओल्ड एज सिक्युरिटी, ओएएस. ती इथे किती वर्षं राहिलात त्यावर ठरते. १८ व्या वर्षानंतर ४० वर्षं झाली असतील तर पूर्ण, निदान १० वर्षं झाल्याशिवाय काहीच नाही. माझी ३० झाली होती, म्हणून मला चाळीसपैकी तीस हिस्से मिळतात. पूर्ण ओएएस २०२५ मध्ये महिन्याला सुमारे ७३० डॉलर होती.

आमच्या वयाच्या मंडळींत एक वाक्य सतत कानावर येतं: "आम्ही आयुष्यभर भरलंय, हा आमचा हक्क आहे." सीपीपीबद्दल ते खरं आहे. ओएएसबद्दल मात्र नाही. ओएएससाठी कोणी कधी वेगळा हप्ता भरलेला नसतो, वेगळा निधीही नसतो. ती दर वर्षी देशाच्या तिजोरीतून जाते, म्हणजे आज जे कर भरताहेत त्यांच्या पैशांतून. तुमचा भाऊ कॉफीच्या दुकानात संध्याकाळची पाळी करतो आणि पगारातून कधीतरी बाहेर जेवतो, तेव्हा बिलावर १३ टक्के कर लागतो. त्या तेरापैकी पाच केंद्राच्या तिजोरीत जातात. त्याच तिजोरीतून माझ्या खात्यात महिन्याच्या शेवटी ओएएस जमा होते. ज्या काकांनी त्याला सुनावलं, त्यांच्याही खात्यात.

म्हणून माझं पहिलं राजकीय मत हे: आमच्या पिढीने आता कमी मागावं. ओएएसवर वर्षाला ७५ अब्ज डॉलरहून जास्त खर्च होतो, केंद्राची ही सगळ्यात मोठी योजना. आणि २०२५ मध्ये ती कापायला सुरुवात होत होती ती माणशी सुमारे ९३ हजार डॉलर उत्पन्नाच्या पुढे. म्हणजे नवरा-बायको मिळून वर्षाला १ लाख ८० हजार कमावणारं, घराचं कर्ज फिटलेलं जोडपंही पूर्ण पेन्शन घेतं. दुसरीकडे एकटी राहणारी, भाड्याच्या खोलीतली म्हातारी बाई ओएएस आणि गरिबांसाठीची जोडरक्कम धरूनही कशीबशी महिना काढते. ही मर्यादा खाली आणा, उरलेल्यातलं काही तिला द्या आणि काही तरुणांच्या घरांसाठी वापरा, असं मी मत मागायला दारात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. सगळे मान डोलावतात आणि विषय बदलतात. त्यांचंही कळतं. २०१२ साली हार्पर सरकारने पात्रतेचं वय ६५ वरून ६७ करायचं जाहीर केलं, आणि २०१६ मध्ये ट्रुडो सरकारने ते मागे घेतलं. तेव्हापासून म्हाताऱ्यांच्या पेन्शनीला हात लावायची कोणाची छाती होत नाही. आम्ही मतदानाला न चुकता जातो ना! वय ६७ करण्याच्या मीही विरोधात होतो आणि आहे. भट्टीसमोर उभं राहून काम केलेल्या माणसाला दोन वर्षं जास्त राबवणं आणि सधन जोडप्याची पेन्शन कमी करणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

घराचं तर विचारूच नका. आम्ही १९९९ मध्ये दीड लाख डॉलरच्या आसपास घर घेतलं. आज त्याच गल्लीत तसलं घर सात लाखांच्या आत मिळत नाही. आम्ही भिंतींना रंग दिला आणि छप्पर बदललं, बाकी काही केलं नाही. विकलं तर राहत्या घराच्या नफ्यावर करही नाही.

पण मी सरकारी योजनांच्या विरोधात आहे असं समजू नका. उलट आहे. पत्नी एका दंतवैद्यांकडे काउंटरवर बसते. या देशात डॉक्टर आणि हॉस्पिटल फुकट, पण दातांचा खर्च ज्याचा त्याने करायचा अशी कित्येक दशकांची रीत होती. मे २०२४ पासून केंद्राची दंतयोजना सुरू झाली, आधी वयस्कर लोकांसाठी. वर्षाला ९० हजारांच्या आत कुटुंबाचं उत्पन्न असलेल्या आणि दातांचा खाजगी विमा नसलेल्यांसाठी ती आहे. पहिल्या महिन्यांत पत्नी रोज संध्याकाळी तेच सांगायची. एक आजी आल्या, पर्समधून कार्ड काढून काउंटरवर ठेवलं, त्यावर हात तसाच दाबून धरला आणि विचारलं, "मला किती भरावे लागतील ते आधी सांगा, नाहीतर मी जाते." काही भरायचं नाही म्हटल्यावर त्यांनी तीनदा खात्री करून घेतली. कित्येक वर्षं त्या एकाच बाजूने चावत होत्या. पत्नीला हे सांगताना भरून आलं होतं.

ही योजना आली कशी? मार्च २०२२ मध्ये सत्तेतले लिबरल, म्हणजे ट्रुडोंचा पक्ष, अल्पमतात होते आणि न्यू डेमोक्रॅटिक पक्षाने, इथे सगळे एनडीपी म्हणतात, पाठिंबा देताना दंतयोजनेची अट घातली. आणि एप्रिल २०२५ च्या निवडणुकीत त्याच एनडीपीला ३४३ पैकी ७ जागा मिळाल्या. आमच्याकडचा हॅमिल्टन सेंटर मतदारसंघ २००४ मध्ये तयार झाल्यापासून त्यांच्याकडे होता, तोही लिबरलांकडे गेला. कामगारांच्या गावात!

त्या दिवशी मी मतदान केंद्रावर कामाला होतो. निवडणूक आयोग दिवसापुरती माणसं घेतो आणि त्यांत आमच्यासारखे अर्धे निवृत्त बरेच असतात. माझं मत आधीच देऊन झालं होतं. इथे केंद्राच्या निवडणुकीला अजून कागदी मतपत्रिका आणि पेन्सिल आहे. रात्री साडेनऊला शाळेच्या जिमचं दार लावलं, पेटी टेबलावर उपडी केली आणि एकेक मतपत्रिका उघडून, उमेदवारांच्या प्रतिनिधींना दाखवून, ज्या त्या ढिगात ठेवत गेलो. दोन ढीग वाढत होते आणि तिसरा, एनडीपीचा, वाढतच नव्हता. समोर त्यांची प्रतिनिधी म्हणून एक तरुण मुलगी बसली होती. तिने शेवटपर्यंत प्रत्येक चिठ्ठी नीट बघितली, वहीत खूण केली आणि उठताना सगळ्यांचे आभार मानले. मतं कुठे गेली ते उघड होतं. पलीकडून ट्रम्प कॅनडाला ५१ वं राज्य म्हणत होते, लोकांना वाटलं आता दोनच पक्षांतून निवडायचं, आणि लिबरलांचे नवे नेते मार्क कार्नी यांना त्यांनी १६९ जागा दिल्या. मला कार्नी बरे वाटतात, माणूस अभ्यासू आहे. पण दंतयोजनेसाठी जे झटले त्यांना त्या निवडणुकीत काहीच मिळालं नाही, ही रुखरुख माझ्या मनातून जात नाही.

ट्रम्पविषयी इथल्या म्हाताऱ्यांत दुमत फार कमी. हिवाळ्यात फ्लोरिडाला जाणारे शेजारी गेले नाहीत, दुकानात लोक डबा उलटा करून कुठे बनलाय ते वाचायला लागले, ओंटारियोच्या सरकारी दारूच्या दुकानांतून मार्च २०२५ मध्ये अमेरिकन बाटल्या काढून ठेवल्या. पोलादावर अमेरिकेचा आधी २५ टक्के, मग जूनमध्ये ५० टक्के आयातकर लागला, आणि कोल्हापुरातल्या फाउंड्रीवाल्यांना मी सांगायला नको, मोठ्या कारखान्याला पडसं झालं की छोट्या शॉपला ताप येतो. आमच्याकडे ऑर्डरी आटल्या. शेवटी आला तो आधी गेला, या रीतीने एका पंजाबी पोराला घरी बसावं लागलं. हाही तुमच्या भावासारखाच शिकायला म्हणून आलेला, मी त्याला सहा महिने शिकवलं होतं, हात फार चांगला होता. मला पेन्शन होती, त्याला नव्हती.

आता विद्यार्थ्यांबद्दलचा राग. लोकांच्या तक्रारी खोट्या नाहीत. भाडी वाढली, ओंटारियोत वीस लाखांहून जास्त लोकांना फॅमिली डॉक्टर नाही, इमर्जन्सीत तासन् तास बसावं लागतं. पण या मुलांना बोलावलं कोणी? २०१९ मध्ये ओंटारियो सरकारने इथल्या विद्यार्थ्यांची फी १० टक्क्यांनी कमी करून गोठवली आणि कॉलेजांना त्याची भरपाई दिली नाही. मग कॉलेजांनी तिप्पट-चौपट फी देणारी परदेशी मुलं भरायला घेतली, केंद्र व्हिसा देत गेलं, एजंट कमिशन घेत गेले, आणि एकाही पातळीवर कोणी मोजलं नाही की ही पोरं राहणार कुठे. घरमालकांनी तळघरात गाद्या टाकून भाडी घेतली. त्यांत आपलेही लोक होते, हे मी स्पष्ट लिहितो. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा आणली, खात्यात दाखवायची रक्कम १० हजारांवरून २०,६३५ डॉलर केली. मर्यादा हवीच होती, आधीच हवी होती. पण ज्यांनी धोरण आखलं आणि ज्यांनी पैसे केले ते सगळे सोडून, नाशिकमध्ये वडिलांनी कर्ज काढून पाठवलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराला चारचौघांत बोलायचं, याला मी अन्याय म्हणतो. आम्ही आलो तेव्हा आम्हालाही बसमध्ये कोणीकोणी "परत जा" म्हटलं होतं. त्या काकांनाही म्हटलं असेल.

त्यात २०२३ पासून भारत आणि कॅनडा या दोन सरकारांचं बिनसलं. त्या सप्टेंबरात भारताने कॅनडाच्या नागरिकांचे व्हिसा थांबवले तेव्हा ज्यांनी ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना व्हिसाशिवाय भारतात येऊ देणारं कार्ड) काढलेलं नव्हतं अशा ओळखीच्या घरांत किती घालमेल झाली ते बघितलंय. त्या भांडणाचा सगळा चिखल इथे नव्या पोरांच्याच अंगावर उडतो, कारण ती दिसतात, पगडीत, डिलिव्हरीच्या सायकलवर, बसस्टॉपवर.

भावाला तीन गोष्टी सांगा. एक, कमाई कितीही कमी असो, ३० एप्रिलच्या आत टॅक्स रिटर्न भरायचंच. कराच्या दृष्टीने तो इथला रहिवासी धरला गेला तर जीएसटी क्रेडिट आणि ओंटारियोचं ट्रिलियम बेनिफिट, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांना सरकारकडून परत मिणारे पैसे, मिळू शकतात, आणि फीवरची करसूट पुढच्या वर्षांसाठी साठवता येते. कॉलेजच्या पोर्टलवरून टी-२२०२, म्हणजे फीचा दाखला, काढून ठेव म्हणावं. दुसरं, ट्रिलियमसाठी घरमालकाकडून वर्षभराच्या भाड्याची सही केलेली पावती मागून घे. रोख घेतो म्हणून तो टाळेल, तरी मागायची. तिसरं, मार्चमध्ये ग्रंथालयांत आणि कम्युनिटी सेंटरमध्ये आमची मोफत केंद्रं लागतात, तिथे पासपोर्ट, स्टडी परमिट, सिन नंबर (कामासाठी मिळणारा सरकारी क्रमांक) आणि टी-४ (मालकाने दिलेला पगाराचा दाखला) घेऊन जा. हॅमिल्टनच्या जवळ असेल तर मला इथे निरोप टाका, माझ्या टेबलाचा वार आणि वेळ कळवतो.