“नंबर तर कमीच आले ना!”

“मॅडम, अंगात जोर उरला नाही आणि डोकं तर मुळातच नव्हतं,” माझ्याकडे समुपदेशनाला आलेले ते गृहस्थ खुर्चीत बसता बसताच म्हणाले. वय ५२, त्यातली २४ वर्षं मेन्टेनन्सला फिटर. कंबर धरली, डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली आणि कंपनीनं स्पेअर पार्टच्या टेबलावर बसवायचं ठरवलं. त्याआधी एक चाचणी झाली. पार्ट नंबरांच्या दोन याद्या घड्याळ लावून ताडून पाहायच्या. पोरांचं संपलं तेव्हा यांचं जेमतेम निम्मं झालं होतं.

‘मी निकामी झालो का?’ पन्नाशीतली माणसं हा प्रश्न मला नाना शब्दांत विचारतात.

पहिल्या भेटीत मी चुकले. आत्मविश्वासावर बोलत बसले. ते मान डोलावत राहिले आणि जाताना म्हणाले, “नंबर तर कमीच आले ना!” खरंच होतं ते. गोड बोलून आकडा बदलत नाही.

पुढच्या वेळी विचारलं, “मशीन बंद पडायला लागलं की आधी काय करता?”

“ऐकतो.”

मग पंधरा मिनिटं मला एक शब्दही बोलावा लागला नाही. बेअरिंगची घरघर वेगळी, गिअरचा दात गेल्याचा ठोका वेगळा. मी कागद पुढे केला. त्यांनी गिअरबॉक्स आतून काढून दाखवला, मग तोच मागच्या बाजूनं. मला तर घरातलं कपाट दारातून जाईल की नाही, तेही कळत नाही!

थर्स्टन या मानसशास्त्रज्ञानं १९३८ मध्ये बुद्धीचे सात घटक मांडले. बारकावे झटपट टिपण्याचा वेग हा त्यातला एक. तर्क आणि वस्तू मनात फिरवून पाहणं हे वेगळे. त्यांचं एकमेकांशी नातं आहे, पण एकात मागे पडलेला माणूस सगळ्यात मागे असतो असं नाही. त्या चाचणीनं नेमका वेग मोजला होता, आणि वयाबरोबर ठळकपणे उतरणाऱ्या क्षमतांत तो येतो.

त्यांना मी मानसशास्त्रज्ञ सॉल्टहाउस यांचा १९८४ चा अभ्यास सांगितला. १९ ते ७२ वयाचे टायपिस्ट घेतले होते. वयस्कांची बोटं प्रतिक्रियेच्या चाचणीत मंद पडली, पण प्रत्यक्ष टायपिंगमध्ये ते मागे नव्हते. मजकुरात ते जास्त पुढचं वाचून ठेवत. “म्हणजे आवाज ऐकून ठेवण्यासारखंच,” ते म्हणाले. हे मला सुचलं नव्हतं.

राहिली कंबर. ‘जोर गेला’ हाही ढोबळच शब्द. मानसशास्त्रज्ञ फ्लाइशमन यांनी शारीरिक क्षमता नऊ प्रकारच्या मानल्या: ताकदीचेच चार प्रकार, लवचिकतेचे दोन, शिवाय तोल, अवयवांचा मेळ, दम. यांना बंदी होती ती वजन उचलण्याची. उभं राहणं, जिना, हातांचं बारीक काम यांचं काय, हे कुणी विचारलंच नव्हतं. मी त्यांना डॉक्टरांकडे परत पाठवलं: काय करायचं नाही आणि काय चालेल, दोन्ही लिहून आणा. तो कागद घेऊनच ते साहेबांशी बोलले.

याद्या ताडायचं काम आता एक तरुण मुलगी करते. कुठला पार्ट कधी जाणार, ते हे सांगतात. रोज सकाळी तासभर वर्कशॉपमध्ये फेरी असते, रिकाम्या हातांनी.

“स्क्रूड्रायव्हर नेतो फक्त,” ते म्हणाले. “दांडा कानाला लावायला.”