पाऊस पडायला ‘घेत’ नाही

प्रश्न : मुलाच्या इंग्रजी गोष्टीत ‘ही सेट अबाउट द थीफ विथ हिज अम्ब्रेला’ असं वाक्य आलं. कोशात ‘सेट अबाउट’चा अर्थ ‘सुरुवात करणे’ असा आहे. मग छत्रीने चोराची सुरुवात केली म्हणायचं का? आणि ‘स्टार्ट’ असताना हा शब्द हवाच कशाला? — एक वाचक, अकलूज

उत्तर : ताई, त्या माणसाने चोराला छत्रीने बदडायला घेतलं. ‘सेट अबाउट’पुढे थेट माणूस आला, की ब्रिटिश बोलीत त्याचा अर्थ ‘तुटून पडणे’. आपलं ‘भिडणे’ आठवा. पोरं कामाला भिडतात आणि पैलवानही एकमेकांना भिडतात. फक्त इंग्रजीतला हा हल्ला एकतर्फी असतो.

‘स्टार्ट’चं विचारलंत, ते मला फार जवळचं आहे. मी आठवीला इंग्रजी शिकवत असताना एका मुलीने ‘इट सेट अबाउट रेनिंग’ असं लिहिलं. मी फुली मारली. ती उठून म्हणाली, “सर, ‘आयएनजी’ लावलाय, मग चूक काय?” नियम तिने पाळला होता आणि कारण मला सांगता येईना. त्या संध्याकाळी आई म्हणाली, “पापड लाटायला घेतलेत आणि पाऊस पडायला लागला बघ.” उत्तर त्या एका वाक्यात होतं. पापड लाटायला ‘घेतात’, पाऊस पडायला ‘लागतो’. पाऊस पडायला ‘घेतला’ असं कुणीच म्हणत नाही, कारण घ्यायला मन लागतं, ठरवणं लागतं. ‘सेट अबाउट’ म्हणजे हे ‘घेणं’. ‘स्टार्ट’ला पाऊसही चालतो. दुसऱ्या दिवशी मी वर्गात आधी त्या मुलीचं कौतुक केलं, मग हे सांगितलं.

काम जरा मोठं असावं आणि करणारा पदर खोचून उभा राहावा, तिथे हा शब्द शोभतो : ‘शी सेट अबाउट क्लीनिंग द हाउस’. इथे ‘टू क्लीन’ चालत नाही. ‘टू’ लागतो तो ‘सेट आउट’ला, म्हणजे मनाशी काही ठरवून निघण्याला, या दोघांत मुलं हमखास गोंधळतात. भूतकाळातही ‘सेट’च राहतं. ‘इट’ शेवटी येतो : ‘सेट अबाउट इट’. मधे घालू नये.

चहा झाला, गप्पा झाल्या, आता खरंच कामाला लागू या, असं म्हणायचं असेल तर मात्र ‘गेट डाउन टू वर्क’ म्हणावं. त्यात आधीची टाळाटाळ ऐकू येते. ‘सेट अबाउट’मध्ये ती नसते.

मुलाला एक वाक्य जरूर शिकवा : ‘हाउ डू आय सेट अबाउट इट?’ गणित अडलं, प्रकल्प समोर पडला, की आपण जे विचारतो तेच हे : याला हात कुठून घालू?