इंजिनातला गाळ आणि नाकारलेली वॉरंटी

प्रश्न : मी जुळे सोलापुरात राहतो आणि घरापासून जवळच असलेल्या शाळेत शिक्षक आहे. पुण्याहून नऊ लाखांना घेतलेल्या माझ्या पेट्रोल गाडीचे इंजिन वॉरंटीच्या मुदतीतच जाम झाले. मागचे सर्व्हिसिंग चार महिने उशिरा केल्यामुळे ऑइलचा गाळ साचला, असे सांगून अधिकृत वर्कशॉपने वॉरंटी तोंडी नाकारली आहे. ते सर्व्हिसिंगही त्यांच्याकडेच झाले होते. आता ते माझ्या खर्चाने इंजिन साफ करू म्हणतात. काय करावे?

उत्तर : इंजिन साफ करण्यास तूर्त परवानगी देऊ नका. तो गाळ हाच आपला मुख्य पुरावा आहे. ऑइलच्या झाकणाची आतली बाजू, डिपस्टिक आणि चेंबरमधील ऑइल पंपाची जाळी यांची छायाचित्रे वर्कशॉपच्या माणसांसमक्ष घ्या, ऑइलचा नमुना सीलबंद करून त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या, आणि त्यांनी सही नाकारली तर तसे त्याच दिवशी ई-मेलने कळवा. वॉरंटी नाकारल्याचे कारणही लेखी मागा.

गाळ का झाला, यावरच सारा वाद ठरेल. ऑइल मुदतीपलीकडे वापरले की उष्णतेने त्याचे ऑक्सिडेशन होऊन ते डांबरासारखे घट्ट होते. रोजच्या दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरेसे तापत नाही, त्यामुळे ऑइलमध्ये उतरलेले पाणी व पेट्रोल उडून जात नाही आणि त्यातूनही गाळ होतो. मात्र पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनात साचणारे वायू व वाफ बाहेर जाऊ देणारी झडप) तुंबला असेल, किंवा हेड गॅस्केटमधून (इंजिनाच्या वरच्या व खालच्या भागांमधील सीलमधून) कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, ऑइलमध्ये झिरपून ते दुधाळ झाले असेल व कूलंटची पातळी सतत घटत असेल, तर दोष उशिराच्या सर्व्हिसिंगचा नसून सुट्या भागाचा असण्याची शक्यता बळावते.

आपली खरी जमेची बाजू मागच्या जॉब कार्डात, म्हणजे त्या सर्व्हिसिंगच्या वेळी वर्कशॉपने केलेल्या कामाच्या नोंदीत आहे. एवढा गाळ एका दिवसात साचत नाही. उशीर झालेला असूनही वर्कशॉपने गाडी घेतली, ऑइल बदलले आणि गाळाविषयी वा वॉरंटी संपल्याविषयी एकही शेरा मारला नाही, असे त्या कार्डावरून दिसत असेल, तर तोच उशीर आज पुढे करणे त्यांना जड जाईल. बिलावर नोंदलेली ऑइलची ग्रेड पुस्तिकेतील ग्रेडशी ताडून पाहा. त्याच पुस्तिकेत लहान फेऱ्यांसाठी ऑइल लवकर बदलण्याची सूचना असल्यास ती आपल्या विरुद्ध वापरली जाईल. म्हणून उशीर आणि रोजचा वापर या दोन्ही गोष्टी तक्रारीत स्वतःहून मांडा. लपवलेली गोष्ट उलटतपासणीत बाहेर आली की उरलेल्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो, हे मी आवर्जून सांगतो.

कंपनी व वर्कशॉप दोघांनाही वकिलामार्फत नोटीस द्या. दाद मिळाली नाही तर ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 अन्वये तक्रार करता येते. गाडी पुण्यात घेतली असली तरी कलम 34 प्रमाणे आपण राहता त्या सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात ती चालेल, आणि नऊ लाखांच्या खरेदीसाठी शुल्क 200 रुपये आहे. तज्ज्ञ तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर कलम 38 खाली नमुना योग्य प्रयोगशाळेकडे पाठवण्याची मागणी तक्रारीसोबतच करा. त्या तपासणीची फी मात्र आपल्याला भरावी लागेल.

मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. नुसत्या पत्रव्यवहाराने ती वाढत नाही, म्हणून कंपनीच्या उत्तराची वाट पाहत ती दवडू नका.