आजोबांची हत्यारपेटी घासायला घेण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

आजोबांची सुतारकामाची पेटी तुझ्याकडे आली आणि तुझा पहिला प्रश्न होता, "गंज कशाने काढू?" उत्तर पुढे देतो, पण आधी थोडं थांब. गंज गेली कित्येक वर्षं तिथेच आहे, आणखी पंधरा दिवसांनी काही बिघडत नाही. घासण्यात जे जातं ते मात्र परत येत नाही.

पेटी उघडलीस की काहीही न हलवता वरून एक फोटो घे. कुठलं हत्यार हाताशी होतं आणि कुठलं तळाला, यावरून आजोबा रोज काय करत होते ते कळतं. पटाश्या वर आणि वाकस (लाकूड तासायचं हत्यार) खाली असेल तर चौकटी-फर्निचरचं काम जास्त. वाकस, मोठी करवत आणि ओळंबा वर असेल तर माणूस घराच्या वाशा-तुळयांवर होता. मग एकेक वस्तू जुन्या चादरीवर मांड, शेजारी फूटपट्टी ठेव, दोन्ही बाजूंनी फोटो काढ. मुठीवरची अक्षरं, खाचा, तापवलेल्या सळईने दिलेला डाग यांचे जवळून वेगळे फोटो हवेत. एका कामावर चार सुतार असले की आपली पटाशी ओळखायला अशा खुणा करत. एकाच पेटीत दोन वेगळ्या खुणा दिसल्या तर काही हत्यारं दुसऱ्या कुणाकडून आलेली असणार. ती कुणाची, हे घरात विचारण्यासारखं आहे.

विचारतानाही एक युक्ती. आजीला किंवा आजोबांबरोबर काम केलेल्या माणसाला "याची काही आठवण सांगा" म्हटलंस तर "फार जुनं आहे बाबा" इतकंच मिळेल. त्यापेक्षा हत्यार त्यांच्या हातात दे आणि विचार: हे कसं धरायचं? अंगठा कुठे? लाकूड पायाखाली दाबायचं का? धार कोण लावायचं, कुठल्या दगडावर? मोबाइलचा कॅमेरा चेहऱ्यावर नको, हातांवर ठेव. बाकीच्या गोष्टी आपोआप निघतात, कधीकधी नको तेवढ्या.

नोंदीला शंभर पानी वही पुरे. हत्यार, कुणाचं, कुठून आलं, मागाहून काय बदललं (मूठ, पातं, पाचर), एवढे रकाने. हत्याराला नंबर द्यायचा तर सुती दोऱ्याने कापडी चिठ्ठी बांध. स्टिकर किंवा सेलोटेप नको, त्याचा डिंक मुठीवरचं जुनं पॉलिश घेऊन उठतो.

आता लोखंडावरचे शिक्के बघ. 'शेफिल्ड' आणि 'कास्ट स्टील' अशी अक्षरं दिसली तर घोटाळा करून घेऊ नकोस, हे बीड (ठिसूळ ओतीव लोखंड) नव्हे. बेंजामिन हंट्समनने 1740 च्या दशकात इंग्लंडमधल्या शेफिल्डला मुशीत (भट्टीत तापवायच्या भांड्यात) पोलाद वितळवून ओतायची रीत बसवली, त्या जातीच्या पोलादाचं हे नाव. विसाव्या शतकात ती रीत मागे पडली, त्यामुळे असा शिक्का म्हणजे पातं चांगलंच जुनं. शिक्का नसलेलं हत्यार हलकं समजू नकोस. गावच्या लोहाराने घडवलेल्या वाकसाला शिक्का नसतोच. एखादी लाकडी मापपट्टी सापडली आणि तिच्यावरचे आकडे इंचाशी जुळले नाहीत तर ती फेकू नकोस. जुन्या मापात 24 तसूंचा एक गज असायचा, आणि तो सगळीकडे एकसारखा नव्हता. मेट्रिक मापं 1956 च्या वजनमाप कायद्यानंतर आली. सुतार अजूनही सुतात बोलतात, आठ सूत म्हणजे एक इंच.

आता गंज. वरवरची लाल भुकटी असेल तर टर्पेंटाइन आणि सर्वांत बारीक स्टील वूल, बस्स. पोपडे धरले असतील तर किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व आण. एक लिटर कोमट पाण्यात 50 ग्रॅम, प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये. फक्त लोखंड बुडव; मूठ निघत नसेल तर ती बाहेर राहील असं उभं ठेव. दर अर्ध्या तासाने काढून नायलॉनच्या ब्रशने घास. दोन-तीन तासांत बहुतेक काम होतं. रात्रभर ठेवून झोपलास तर आम्ल गंज संपवून पोलाद खायला लागतं, आणि सकाळी करडं, खरबरीत, बारीक खड्ड्यांचं पातं हातात येतं. पितळी भाग या पाण्यात टाकू नकोस, जस्त निघून ते तांबूस पडतात. बाहेर काढल्यावर धू, एक लिटर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून त्यात मिनिटभर बुडव, पूस, हेअर ड्रायरने किंवा उन्हात कडक वाळव आणि लगेच मशीनचं तेल लाव. मधे चहाला गेलास तर दहा मिनिटांत केशरी झाक परत येते.

याच वेळी एक गोष्ट बघायला मिळते. पातं पाण्यातून काढलं की उताराच्या (धारेसाठी तिरकी घासलेल्या बाजूच्या) जागी, धारेपासून थोडं मागे, एक रेघ दिसते का पाहा. धारेकडचा पातळ थर गडद करडा, मागचा भाग फिकट आणि किंचित रेषारेषांचा. म्हणजे मऊ लोखंडावर पोलादाची पट्टी भट्टीत तापवून, ठोकून जोडलेली आहे. पोलाद महाग, म्हणून जिथे धार तिथेच ते. तो थर किती उरलाय ते मोजून वहीत लिही. थर संपला की पात्याचं आयुष्य संपलं, म्हणून अशा पात्याला ग्राइंडर दाखवूच नकोस.

ग्राइंडरवर राग आहे तो उगाच नाही. तारेच्या चाकाने गंज मिनिटात जातो, पण शिक्क्याची अक्षरं बुजतात, कडा गोल होतात, आणि हत्यार स्टीलच्या चमच्यासारखं चकाकायला लागतं. त्याहून वाईट म्हणजे दगडी चाकावर धार लावताना पातं तापतं. धारेवर आधी पिवळसर, मग तांबूस, मग निळा रंग चढतो. निळं पडलं की पाणी, म्हणजे तापवून-विझवून पोलादाला आणलेला कडकपणा, उतरलं. तेवढा भाग मऊ झाला, कितीही घासलास तरी दोन लाकडांत धार बसते. मग निळा पट्टा संपेपर्यंत मागे घासण्यावाचून इलाज नाही. पाणी शाबूत आहे का हे पाहायला नवी बारीक कानस धारेच्या कोपऱ्यावर हलकेच ओढ. घसरली तर ठीक, चटकन रुतली तर पोलाद मऊ पडलंय.

धारेसाठी जाड काच घे, 10 मिलिमीटरची. तिच्यावर वॉटर पेपर (ओला करून वापरायचा पॉलिश पेपर) पाण्याने चिकटतो. खरखरीतपासून बारीककडे 220, 400, 800, 1200 असा क्रम ठेव. आधी पात्याची सपाट पाठ, निदान धारेजवळचा इंचभर भाग आरशासारखा होईपर्यंत. लोक इथेच कंटाळतात आणि मग "धार लागत नाही" म्हणतात. पाठीत खड्डा असेल तर समोरचा उतार कितीही घासला तरी धार दातेरीच येणार. उताराचा कोन कोनमापकाशिवाय काढता येतो: उताराची लांबी पात्याच्या जाडीच्या दुप्पट असली की 30 अंश. म्हणजे 3 मिलिमीटर जाडीला 6 मिलिमीटर उतार. अडीचपट केलास तर साधारण 24 अंश, मऊ लाकडाला चालेल. सागाला आणि शिसवाला 30 बरा. पाठीकडे बोटाला बारीक कंगोरा लागला की उतार पुरा झाला, मग पाठ एकदाच सपाट ओढून तो काढ.

लाकडी रंधा असेल तर पातं उपटू नकोस. रंध्याच्या मागच्या टोकावर लाकडी मोगरीने ठोक, पाचर आपोआप सैल होते. लोखंडी हातोडीने ठोकलंस तर टोक फुटतं. तळ सपाट करायचा असेल तर पातं आणि पाचर जागेवर घट्ट बसवून, पातं दोनेक मिलिमीटर आत ओढून मगच काचेवरच्या पेपरवर घास. पाचरीच्या दाबाने तळ किंचित फुगतो. पाचर काढून सपाट केलेला तळ पाचर ठोकल्यावर पुन्हा वाकडा. बिडाच्या रंध्यात तोंडाजवळ बारीक चीर आहे का ते उजेडाशी धरून पाहा. बीड वाकत नाही, तडकतं. त्याचे स्क्रू एका वाटीत सांभाळ. जुन्या इंग्रजी-अमेरिकन रंध्यांचे आटे बाजारातल्या स्क्रूशी जुळत नाहीत, हरवलेला स्क्रू हार्डवेअरवाला देऊ शकणार नाही.

करवत घासायची घाई तर मुळीच करू नकोस. पात्यावर पूर्वी कारखान्याचं नाव आम्लाने कोरलेलं असायचं, ते गंजाखाली असू शकतं. लाकडाच्या ठोकळ्याला 400 चा पेपर गुंडाळून लांबीच्या दिशेने हलका हात फिरव आणि अक्षर दिसलं की थांब. दातांचं टोक कुठल्या दिशेला आहे ते पाहा. आपल्याकडच्या जुन्या करवती ओढताना कापायच्या, बसून काम करणाऱ्याला ते सोयीचं. ढकलायची करवत समजून कानस फिरवलीस तर घरातला एक पुरावाच बदलून टाकशील.

मुठींना पॉलिश पेपर लावू नकोस. जिथे अंगठा बसायचा तिथे लाकूड झिजून गुळगुळीत झालेलं असतं, आणि डावखुऱ्या माणसाची झीज दुसऱ्या बाजूला असते. ओल्या फडक्याने मळ पूस, वाळू दे, मग जवसाचं तेल, ज्याला रंगाच्या दुकानात बेलतेल म्हणतात, पातळ चोळ आणि पंधरा मिनिटांनी जास्तीचं पुसून काढ. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नकोस. ती आपोआप तापून पेट घेतात. पसरून उन्हात वाळव किंवा पाण्यात बुडवून टाक. हातोडीचा दांडा डुगडुगत असेल तर पाण्यात भिजवायचा सल्ला सगळे देतात. लाकूड फुगतं, आतले तंतू दबतात, वाळलं की आधीपेक्षा सैल. पाचर बदल, नाहीतर बाभळीचा वाळलेला नवा दांडा घाल आणि जुना नंबर लावून ठेव.

खंडेनवमीला पूजा करशीलच, करावीच. पण ओलं हळदीकुंकू पात्यावर ठेवून दसऱ्यापर्यंत विसरलास तर त्याच आकाराचे गंजाचे डाग उठतात, आणि फुलांखाली तर जास्तच. टिळा मुठीला लाव, फुलं पेटीवर वाहा, संध्याकाळी पुसून तेलाचा हात फिरव. गोडेतेल मात्र नको, ते महिन्याभरात चिकट होतं.

पावसाळ्यापुरतं: रंध्यांच्या पाचरी सैल कर, कारण लाकूड फुगून रंध्याला चीर जाते. वर्तमानपत्रात गुंडाळू नकोस, प्लॅस्टिकच्या पिशवीत तर नाहीच, चामड्याच्या म्यानातही नको. पेटी सागाची असेल तर उत्तम, जमिनीपासून चार बोटं वर, दोन विटांवर ठेव. कोकणात असशील तर दर महिन्याला एकदा तेल. भावंडांत वाटणी होणार असेल तर सामता (भोक पाडायचं हत्यार) आणि त्याला फिरवणारी कमान, रंधा आणि त्याचं पातं यांची फारकत करू नका. वहीची झेरॉक्स सगळ्यांना.

वाकसाबद्दल तू लिहिलंस की धारेला तीन ठिकाणी खाचा पडल्या आहेत. कानशीची चाचणी करून धारेचा जवळून फोटो पाठव, कोपरेही दिसू देत. पोलाद शाबूत असेल तर दगडावरच निभेल. मऊ पडलं असेल तर लोहाराकडून पाणी देऊन घ्यावं लागेल, आणि त्याला काय सांगायचं ते तेव्हा लिहितो.