‘चावी जास्त झाली’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : घरात एचएमव्ही १०२ हा पेटीचा ग्रामोफोन आहे. चावी भरली की तबकडी फिरते, पण अधूनमधून आतून ‘धप्प’ असा आवाज येतो आणि गाणं तिथे अडखळतं. कधीकधी तर चावी पूर्ण भरूनही थाळी हलत नाही. दुरुस्तीवाले म्हणाले, चावी जास्त झाल्यामुळे स्प्रिंग ‘लॉक’ झाली. घरी काही करता येईल का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : ‘चावी जास्त झाली’ हे निदान आधी डोक्यातून काढा. स्प्रिंग पूर्ण भरणं हे तिचं कामच आहे. भरलेली असूनही थाळी हलत नसेल, तर दोष बहुधा वाळलेल्या ग्रीसचा. १०२ हे मॉडेल १९३१मध्ये आलं. त्या काळातलं ग्रीस आज डांबरासारखं झालेलं असतं. स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात, ताण वाढला की एखादा वेढा एकदम सुटतो. तोच तुमचा ‘धप्प’. बाहेरून तेल सोडून उपयोग नाही, कारण ते डब्यातल्या वेढ्यांपर्यंत पोचतच नाही.

उघडण्यापूर्वी ब्रेक सोडून थाळी आपोआप थांबेपर्यंत फिरू द्या. चावीला हात लावून पाहा, जोर अजिबात जाणवता कामा नये. भरलेल्या स्प्रिंगवर गव्हर्नर, म्हणजे मोटरचा वेग आवरणारा भाग, कधीही सोडवू नका. स्प्रिंगला अडवणारं काही उरत नाही, चाकं सुसाट सुटतात आणि दाते झडतात. तेवढे दाते पुन्हा मिळणं कठीण. थाळी फिरत नसल्यामुळे चावी उतरतच नसेल, तर आधी फळी उचलून तिच्याखालच्या गव्हर्नरच्या दोन्ही टोकांना आणि चाकांच्या आसांना पातळ तेलाचे थेंब सोडा, रात्रभर थांबा आणि गव्हर्नरला बोटाने हलकेच चालना द्या.

मग थाळी दोन्ही हातांनी सरळ वर उचला, मोटर असलेल्या फळीचे स्क्रू काढा, मोटर उलटी करा. प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो घ्या. स्प्रिंगच्या डब्याचं झाकण निघालं की स्प्रिंग कोणत्या दिशेने गुंडाळली आहे, ते डब्यावर मार्करने बाण काढून ठेवा. ही खूण करायची राहून गेली तर परत बसवताना अर्धा दिवस जातो.

उतरलेली स्प्रिंगसुद्धा डब्यात दाबूनच बसलेली असते. जाड चामडी हातमोजे आणि चष्मा घाला, डबा गोणपाटात धरा, आतलं टोक पकडीने ओढून एकेक वेढा बाहेर घ्या, बाकीचे तळहाताने दाबून ठेवा. एकदम सुटली तर हात कापते. हे धाडस नको वाटत असेल, तर डबा तसाच घड्याळजीकडे न्या, त्यात कमीपणा नाही.

स्प्रिंग आणि डबा रॉकेलने धुवा, कोरड्या फडक्याने पुसा. पट्टीवर बोट फिरवून तडे तपासा. टोकाशी तुकडा पडला असेल तर बहुतेक वेळा वाचवता येते : शेवटचा ४-५ सेंटिमीटर भाग गॅसच्या ज्योतीवर लाल करून हळूहळू गार होऊ द्यायचा, नवं भोक पाडून कानशीने साफ करायचं. मधे तुटली असेल तर रुंदी, जाडी आणि डब्याचा आतला व्यास मोजून नवी घ्या. ग्राफाइट ग्रीस फार तर दोन चहाचे चमचे, पट्टीवर सर्वत्र पातळ. डबा ठासून भरू नका. झाकण लावण्याआधी आतलं टोक आसाच्या आकड्यात अडकलं की नाही ते बघाच.

गव्हर्नरच्या तबकडीला टेकणारी छोटी चामडी गादी दगडासारखी झाली असेल तर बदला, तिला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरे. ती कोरडी राहिली की चिरकते आणि वेग डळमळतो.

प्रश्न : ग्रामोफोन व्यवस्थित फिरतो, पण तान वर गेली की आवाज फाटतो. साउंडबॉक्स (सुई धरणारा, आवाज उमटवणारा गोल डबा) अभ्रकाच्या चकतीचा आहे. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : अभ्रकाच्या चकतीच्या दोन्ही बाजूंना रबरी नळीचं कडं असतं. ते कडक झालं की चकती मोकळी हलत नाही आणि कडेने हवा निसटते. आवाज फाटतो तो इथेच. जुन्या नळीइतक्याच जाडीची मऊ सिलिकॉनची नळी घ्या. टोकं एकमेकांना नेमकी भिडली पाहिजेत, एकावर एक चढता कामा नयेत. गोंद वापरू नका.

आता एक बारीक तपासणी. चकतीच्या मधला स्क्रू काढा. सुईची दांडी त्या भोकापाशी अलगद टेकून उभी राहायला हवी. दांडी चकतीला ढकलत किंवा ओढत असेल, तर तिच्या बुडाचे स्क्रू पाव-पाव फेऱ्याने जुळवा. स्क्रू परत लावला की त्यावर मधमाशीच्या मेणाचा थेंब सोडा. अभ्रकाला चीर असेल तर चकतीच बदला. मात्र १०२वरचा ५ए किंवा ५बी साउंडबॉक्स घरी उघडू नका. त्याचं ओतीव मिश्रधातूचं अंग वयानुसार ठिसूळ होतं, स्क्रू पिळताच तुकडे पडतात.

प्रश्न : वेग ७८वर (मिनिटाला ७८ फेरे) आला हे कसं ओळखायचं?

उत्तर : तबकडीखाली कागदाची पट्टी बाहेर डोकावेल अशी ठेवा, सुई टेकवा, ३० सेकंदांत ३९ फेरे मोजा. सुई टेकवूनच मोजा, तिच्या ओझ्याने वेग उतरतो. ७७ रेघांची स्ट्रोबची चकती (वेग बरोबर असला की दिव्याच्या लुकलुकीत तिच्या रेघा थांबलेल्या दिसतात) आपल्या ५० हर्ट्झ विजेवर चालते, पण साध्या बल्बखाली. बऱ्याच एलईडी दिव्यांत ती लुकलुक नसते.

प्रश्न : मुंबईच्या चोर बाजारातून मोठ्या पितळी कर्ण्याचा, कुत्र्याचं चित्र असलेला ग्रामोफोन घेतला. खरा जुना असेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : चकचकीत पितळी कर्णा, नव्या लाकडाची अष्टकोनी पेटी आणि आत पेटीच्या ग्रामोफोनची जुनी मोटर, अशी जुळणी सर्रास विकली जाते. टोनआर्म, म्हणजे साउंडबॉक्स कर्ण्याला जोडणारी नळी, नीट पाहा. अस्सल आर्म साउंडबॉक्सपासून कर्ण्याकडे हळूहळू रुंद होत जातो आणि सांधे हवाबंद असतात. जुळवलेल्यात सरळ नळीला कोपर जोडलेलं असतं आणि सुई चरीतून तिरकी जाते. तसं दिसलं तर शोभेला ठेवा, चांगल्या तबकड्या त्यावर लावू नका.

प्रश्न : सुई किती दिवस चालते? एलपी लावली तर?

उत्तर : पोलादी सुई एका बाजूला एक. तबकडीतल्या चपड्यात (लाखेत) दगडाची भुकटी मिसळलेली असते, ती सुईलाच घासून चरीच्या मापाची करते. तीच सुई पुन्हा लावली की ती चर कोरू लागते. एलपी अजिबात लावू नका : साउंडबॉक्सचं वजन सुईवर शंभर ग्रॅमहून जास्त पडतं, एलपीला दोन-तीन ग्रॅम सोसतात. आणि चपड्याची तबकडी स्पिरिटने पुसू नका, चपडा त्यात विरघळतो. कोमट पाणी, साबणाचा एक थेंब, लेबल कोरडं.