तोच पाव, पुन्हा एकदा

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पाव आतून चिकट आणि जड झाला, क्रोशाचा गोल रुमाल सपाट बसायचा सोडून झालरीसारखा उभा राहिला, आणि शेवटी तू लिहिलंस, "माझ्या हातात कलाच नाही." पहिल्या दोन गोष्टी खऱ्या असतील. तिसरी मला अजिबात पटलेली नाही, म्हणून हे एवढं लांब उत्तर.

दोन महिन्यांत काय काय केलंस त्याची यादी पत्रातच आहे: पाव, बिस्किटं, दोन केक, क्रोशा, भरतकाम, कागदाची फुलं. सगळं एकेकदाच. दर वेळी काहीतरी नवं केलं की सर्जनशीलता वाढते, असा तुझा समज दिसतो. माझा अनुभव याच्या अगदी उलट आहे. पहिल्यांदा एखादी वस्तू करताना सगळं लक्ष कृती सांभाळण्यात जातं. आता काय घालायचं, किती वेळ, पुढची ओळ कुठली. तिसऱ्या-चौथ्या खेपेला हात आपोआप चालू लागतात, तेव्हा कुठे समोर काय घडतंय ते दिसायला लागतं. आणि दिसलं की मग सुचतं. तू दर वेळी त्या जागेच्या अलीकडूनच परत फिरतोय, असं मला वाटतं.

म्हणून पुढचे काही आठवडे एकच पाव कर. पाचशे ग्रॅम मैदा, 10 ग्रॅम मीठ, 5 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. बेकरीतली माणसं पीठ 100 धरून बाकी सगळं त्याच्या टक्क्यांत मोजतात, म्हणजे इथे मीठ 2 टक्के आणि यीस्ट 1 टक्का. पाणी पहिल्या खेपेला 300 ग्रॅम घे, दुसऱ्या खेपेला 325, तिसऱ्या खेपेला 350. बाकी कशालाही हात लावू नकोस. 60 टक्के पाण्याचं, म्हणजे 300 ग्रॅमचं, पीठ घट्ट असतं, मळून झालं की तळवा स्वच्छ राहतो. 70 टक्क्यांचं, म्हणजे 350 ग्रॅमचं, बोटांना धरून ठेवतं, सुरुवातीला नकोसं वाटतं, पण त्याच पावाचा आतला भाग जास्त मोकळा आणि जाळीदार निघतो. हा फरक वाचून कळत नाही, बोटांना कळतो.

यासाठी वजनकाटा मात्र हवाच. तू मैदा कपाने मोजलास. कप पिठात बुडवून भरला आणि चमच्याने हलक्या हाताने भरला, तर एकाच कपात 20-30 ग्रॅमचा फरक सहज पडतो. मग कालचा पाव आणि आजचा पाव यांची तुलना कशी करणार?

आता तुझ्या जड पावाबद्दल. "एक तास फुगवायला ठेवा असं लिहिलं होतं, बरोबर एक तास ठेवलं," असं तू म्हणतोस तिथेच मला उत्तर सापडलं. यीस्टला तास कळत नाही, ऊब कळते. उबदार स्वयंपाकघरात जे पाऊण तासात होतं त्याला थंडीत दोन तासही लागतात. त्यामुळे घड्याळ बाजूला ठेव आणि पिठाकडे बघ. भांड्यात घातलेला गोळा फुगला की त्याची कातडी ताणली जाते, तिच्याखाली बारीक बुडबुडे दिसतात, भांडं हलवलं की सगळं अंग हलकेच थरथरतं. बोटाला पीठ लावून अर्धा इंच दाब. खळगा झटकन भरून आला तर अजून वेळ आहे. सावकाश भरत येऊन थोडासा उरला, तर भट्टीत घालायची हीच वेळ. तसाच्या तसा राहिला तर उशीर झाला. आणि भाजून झाल्यावर निदान एक तास सुरी लावू नकोस. बाहेर काढल्यावरही आतला स्टार्च घट्ट होत असतो, गरम कापलेला पाव सुरीला चिकटतो. तुझा चिकटपणा बहुधा निम्मा तरी यातूनच आला असणार.

रुमालाची गोष्ट मला जास्त आवडली. मुक्या खांबांचा (क्रोशातला साधा, आखूड टाका) सपाट गोल हवा असेल तर पहिल्या फेरीत 6 टाके, मग 12, 18, 24, म्हणजे प्रत्येक फेरीत सहाच वाढवायचे. हा सहा कुठून आला? टाका जेवढा रुंद तेवढाच उंच धरला, तर दर फेरीला परीघ 6.28 टाक्यांनी वाढायला हवा, तोच शाळेतला दोन गुणिले पाय. सहापेक्षा खूप कमी वाढवले तर वाटी होते, खूप जास्त वाढवले तर झालर. तू प्रत्येक टाक्यात दोन घातलेस, म्हणजे 6, 12, 24, 48. एवढ्या टाक्यांना सपाट बसायला जागाच नव्हती, म्हणून ते वर-खाली लाटा घेत गेले.

आता ऐक. 1997 साली कॉर्नेल विद्यापीठात डायना टायमिन्या या गणितज्ञ बाईंनी जाणूनबुजून असंच विणलं. अतिपरवलयी (हायपरबोलिक) भूमितीतलं प्रतल, म्हणजे सपाट न राहता झालरीसारखं पसरत जाणारं पृष्ठ, विद्यार्थ्यांना हातात घेऊन पाहता यावं असं टिकाऊ प्रारूप त्यांना हवं होतं, कागदाची प्रारूपं लवकर फाटत. त्यांनी ठरावीक प्रमाणात टाके वाढवत नेले आणि प्रवाळासारखं झालरदार विणकाम तयार झालं. तुझ्या हातून चुकून झालं तेच. फरक एवढाच की त्यांनी टाके मोजले होते. तूही मोज. तो रुमाल उसवू नकोस.

उसवण्यावरून सांगते. माझा पहिला स्वेटर छातीला 100 सेंटिमीटर हवा होता. नमुन्यात 10 सेंटिमीटरला 20 टाके दिले होते, म्हणून मी 200 टाके घातले आणि आपला हात तपासायला आधी विणतात तो छोटा चौकोन न विणताच सुरुवात केली. माझा हात घट्ट, 10 सेंटिमीटरला 22 टाके बसत होते. दोन टाक्यांनी काय बिघडतं, असं वाटेल. स्वेटर 91 सेंटिमीटरचा झाला आणि ज्याच्यासाठी विणला त्याच्या अंगात गेला नाही. मला फार वाईट वाटलं होतं, आजही आठवतं. मग सगळा उसवला. उसवलेली लोकर कुरळी निघते. तिची लड बांधून कोमट पाण्यात भिजवली, खाली थोडं वजन लावून टांगली, दुसऱ्या दिवशी ती सरळ झाली होती. त्याच लोकरीचा स्वेटर पुन्हा विणला. तेव्हापासून आधी चौकोन विणल्याशिवाय मी काहीच सुरू करत नाही.

विकायला सुरुवात करू का, असंही विचारलं आहेस. इतक्यात नको. विकायचं म्हटलं की चुकायची भीती बसते, आणि तुझे हे दिवस चुकायचे आहेत. वस्तू वाट, खुशाल वाट.

एक साधी वही ठेव. तारीख, पाणी किती, खोली गार की गरम, फुगायला लागलेला वेळ, आणि कापल्यावर काय दिसलं ते एका ओळीत. "छान झाला" असं लिहू नकोस, त्यातून पुढच्या वेळी काहीच हाती लागत नाही. "खालचं कवच जाड, वरच्या बाजूला एक मोठं भोक" असं लिही.

सोबत चार मिलिमीटरची क्रोशाची सुई पाठवते आहे, माझ्याकडची जुनीच. तुझ्या पत्रातला धागा तिला बरोबर बसेल. तिन्ही पावांची पानं भरली की वहीतलं जसंच्या तसं उतरवून मला कळव. 350 ग्रॅमचा पाव कसा झाला ते आधी लिही.