थायलंडच्या इंग्रजी बातम्यांवर कितपत विसंबावे?
घटना, तारखा, निवडणुकांचे निकाल यांसाठी 'बँकॉक पोस्ट' किंवा 'थाई पीबीएस' पुरेसे आहेत. खरी अडचण राजघराण्याशी संबंधित बातम्यांची. राजघराण्याचा अपमान हा गुन्हा ठरवणाऱ्या कलम ११२ खाली प्रत्येक गुन्ह्याला ३ ते १५ वर्षे कैद, आणि आक्षेपार्ह वाक्य पुन्हा छापणेही अंगाशी येऊ शकते. म्हणून 'ऑनलाइन पोस्टबद्दल शिक्षा' एवढेच छापून येते, पोस्टमध्ये काय होते ते गाळलेले असते. याला आळशी पत्रकारिता म्हणणे अन्यायाचे. अशा वेळी 'प्रचाताय' हे स्वतंत्र वृत्तसंकेतस्थळ आणि परदेशी वृत्तसंस्था जोडीने वाचा. बदनामीही तिथे फौजदारी गुन्हा आहे (आपल्याकडेही आहेच), त्यामुळे कंपन्यांबद्दल हात राखून लिहितात. थाई बातमी गूगल ट्रान्सलेटमधून वाचत असाल तर सालातून ५४३ वजा करा (तिथे बौद्ध संवत वापरतात): मूव्ह फॉरवर्ड पक्ष २५६७ मध्ये विसर्जित झाला, म्हणजे २०२४.